सरकार पडते, कचेरी उघडते

२०२५ च्या १ ऑक्टोबरला अमेरिकेचे केंद्र सरकार बंद पडले आणि तब्बल ४३ दिवस बंद राहिले. ही बातमी पाहून आपल्याकडे लोकांनी जे प्रश्न विचारले ते अगदी सरळ होते. सरकार बंद पडते म्हणजे नेमके काय होते? उद्या पणजीत तसे झाले तर पेडण्याच्या मामलेदार कचेरीत दाखला मिळेल का? आजीच्या खात्यात सामाजिक सुरक्षेचे पैसे पडतील का? कदंबची बस येईल का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. कचेरी उघडी राहील, पैसे थोडे मागेपुढे होतील पण येतील, बसही येईल. घरी बसावे लागलेच तर ते मंत्र्यांना. अमेरिकेत याच्या उलट होते. तिथे राष्ट्राध्यक्ष आणि खासदार आपापल्या जागी राहतात आणि कारकून घरी जातो. हा फरक कुठून आला, आपल्या गोव्यात त्याची परीक्षा कितीदा झाली आणि हे संरक्षण नेमके कुठे संपते, ते या प्रकरणात पाहू.

१. पेटी कुणाची, किल्ली कुणाची

सरकारचा पैसा म्हटला की आपल्याला मुख्यमंत्री आठवतो. त्यांनी रस्ता दिला, त्यांनी योजना दिली, असे आपण सर्रास बोलतो. कायद्याच्या दृष्टीने मुख्यमंत्र्यांच्या हातात त्यातला एक रुपयाही नसतो. अबकारी, जीएसटीचा वाटा, खाणींची रॉयल्टी, केंद्राकडून येणारी रक्कम, काढलेले कर्ज, सगळे एका खात्यात जमा होते. त्याला राज्याचा एकत्रित निधी म्हणतात. विधानसभेने कायदा केल्याशिवाय या निधीतून पैसा बाहेर पडत नाही. त्या कायद्याच्या मसुद्याचे नाव विनियोजन विधेयक.

आपल्या गावच्या देवस्थानाचेच पाहा. पेटीत पैसे भरपूर असतील, खजिनदार प्रामाणिक असेल, मुखत्याराला काम उरकायची घाई असेल. पण महाजनांच्या सभेने खर्चाला मान्यता दिलेली नसेल तर पेटी उघडायची नाही, असा नियम धरा. सभाच भरली नाही, किंवा भरली आणि भांडणात मोडली, तर? पुजाऱ्याचे मानधन द्यायचे की नाही? नंदादीपाच्या तेलाचे काय? देवस्थान कंगाल झालेले नाही, पैसा पेटीतच आहे, अडली आहे ती परवानगी. सरकार बंद पडते ते असे. दिवाळखोरी वेगळी आणि हे वेगळे, एवढे एक ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे सोपे आहे.

२. अमेरिकेत कुलूप का लागते

अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी खर्चाचे कायदे मंजूर करायचे आणि राष्ट्राध्यक्षांनी सही करायची. दोन्ही सभागृहे तुल्यबळ, वर राष्ट्राध्यक्षांना नकाराधिकार. म्हणजे पेटीला तीन किल्ल्या, आणि त्या तीन वेगळ्या माणसांच्या खिशात. एकाचे जरी बिनसले तरी पेटी उघडत नाही.

गंमत अशी की फार वर्षे हे कुलूप कुणी मनावर घेत नसे. मंजुरीला उशीर झाला तरी खाती आपली चालत राहायची. मंजुरीवाचून सरकारी खर्चाची जबाबदारी घेऊ नये, असे सांगणारा कायदा एकोणिसाव्या शतकापासून होता. १९८०-८१ मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा अक्षरशः अर्थ लावला: मंजुरी नसेल तर काम थांबवा, फक्त जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी लागणारी माणसे ठेवा. एका विधी अधिकाऱ्याच्या मतावर एवढी मोठी प्रथा उभी राहिली.

तेव्हापासून सरकारी नोकरांच्या दोन रांगा लागतात. पहिलीतले घरी बसतात. दुसरीतले 'अत्यावश्यक', म्हणून पगाराविना कामावर येतात. हे आपल्या मोपाच्या विमानतळावर कसे दिसले असते? विमानतळ चालवते खासगी कंपनी, तिचे लोक कामावर. दारावरचा सीआयएसएफचा जवान, पारपत्रावर शिक्का मारणारा अधिकारी आणि कस्टम्सवाला हे केंद्राचे नोकर. अमेरिकी पद्धतीत हे तिघे येतील, दिवसभर उभे राहतील आणि महिनाअखेरीस रिकाम्या खिशाने घरी जातील. पहिले पंधरा दिवस प्रवाशाला काही कळणारही नाही. मग हळूहळू आजारपणाच्या रजा वाढतील, रांगा लांबतील.

अमेरिकेत नेमके हेच घडले. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेली बंदी ३५ दिवस चालली. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला ५७० कोटी डॉलर हवेत, असा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा हट्ट होता. सुमारे आठ लाख नोकरांचे पगार अडले. २५ जानेवारी २०१९ ला विमाननियंत्रक पुरेसे नाहीत म्हणून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने काही वेळ रोखून धरावी लागली आणि त्याच दिवशी तडजोड झाली. भिंतीसाठी पुढे संसदेने दिले ते १३७ कोटींच्या आसपास. अमेरिकी संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने नंतर हिशेब मांडला, तेव्हा देशाचे कायमचे नुकसान ३०० कोटी डॉलरचे भरले. मागितले किती, मिळाले किती आणि गेले किती, हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

बंदी उठल्यावर सरकारी नोकरांना थकलेला पगार मिळतो; २०१९ मध्ये तसा कायदाच झाला. पण त्याच इमारतीत झाडू मारणारा कंत्राटी कामगार, उपाहारगृहात काम करणारी बाई, बाहेर गाडा लावणारा, यांना त्या दिवसांचे काही मिळत नाही. हजेरीपटावर नाव असणे आणि नसणे यातला हा फरक लक्षात असू द्या, डिचोलीत गेल्यावर तो पुन्हा लागणार आहे.

३. आपला तोडगा

आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. अर्थसंकल्प मांडला जातो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि प्रत्येक खात्याच्या मागण्यांवर चर्चा होईपर्यंत ३१ मार्च उलटून जाऊ शकतो. मग १ एप्रिलला पगार कशातून? याची सोय घटनेतच आहे. राज्यांसाठी अनुच्छेद २०६, केंद्रासाठी ११६. सविस्तर चर्चा होईपर्यंत विधानसभा काही महिन्यांचा खर्च आगाऊ मंजूर करते. याला लेखानुदान म्हणतात.

छोटे उदाहरण घेऊ. समजा, एका खात्याला वर्षभराला १२०० रुपये लागतात. विधानसभेने चार महिन्यांचे लेखानुदान दिले, म्हणजे ४०० रुपये. खाते ते पगार, औषधे, डिझेल यांवर खर्च करू शकते; नवी योजना मात्र सहसा त्यातून सुरू करत नाहीत. पुढे १२०० ची मागणी मंजूर झाली की हे ४०० त्यातच धरले जातात. जास्तीचे काही मिळत नाही, वेळ मिळतो.

२०२२ साली ही वेळ किती घट्ट आली होती पाहा. विधानसभेचा निकाल १० मार्चला लागला. डिचोली तालुक्यातल्या साखळीचे आमदार डॉ. प्रमोद सावंत यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती २८ मार्चला. ३० मार्चला अर्थसंकल्प मांडला. वर्ष संपायला एक दिवस राहिला होता. एवढ्यात प्रत्येक खात्याच्या खर्चाची चिरफाड होणे माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे. अशा वेळी लेखानुदान नसते तर १ एप्रिलला गोव्याचे सरकार कागदोपत्री बंद पडले असते, आणि तेही कुणाशी भांडण नसताना.

दुसरी सोय अशी की आपल्याकडे किल्ल्या कमी आहेत. संसदेत पैशाचे विधेयक राज्यसभा फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकते, अडवू शकत नाही. गोव्यात तर दुसरे सभागृहच नाही. चाळीस आमदारांच्या सभागृहात एकवीस जण बरोबर असले की पेटी उघडली. कर्जावरचे व्याज, राज्यपाल, सभापती आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन हा तर 'भारित' खर्च, त्यावर मतदानच होत नाही. सावकार आणि न्यायाधीश यांना घटनाकारांनी आमदारांच्या रागालोभापासून दूर ठेवले, यात शहाणपण आहे.

४. शंभर रुपयांत सरकार

मग एकवीस जण बरोबर नसतील तर? इथेच अमेरिकेची आणि आपली वाट वेगळी होते.

मागण्यांवर मतदान होताना विरोधक कपातसूचना आणतात. तिचा एक प्रकार मोठा मजेशीर आहे: मागणी शंभर रुपयांनी कमी करावी. कोट्यवधींच्या खर्चातून शंभर रुपये! रोज सभागृहात अशा सूचना येतात आणि पडतात. पण एखादी मंजूर झाली तर त्याचा अर्थ असा की खर्चाच्या बाबतीत सभागृहाचा या सरकारवर विश्वास उरलेला नाही, आणि सरकारने जायला हवे. विनियोजन विधेयक पडले तरी तेच.

म्हणून आपल्याकडे सत्ताधारी अर्थसंकल्पावर हटून बसू शकत नाहीत. अमेरिकेत खर्च अडवणाऱ्याची खुर्ची शाबूत राहते, त्यामुळे तो ४३ दिवसही ताणू शकतो. आपल्याकडे तो प्रसंग आला की दोरी तुटते ती आधी मुख्यमंत्र्याची.

केंद्रातही हे पाहिले आहे. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडले. अर्थसंकल्प अजून मंजूर व्हायचा होता. ज्यांनी सरकार पाडले त्यांनीच काही दिवसांत तो चर्चेशिवाय मंजूर होऊ दिला आणि मग लोकसभा विसर्जित झाली. भांडण खुर्चीचे होते, पेटीचे नव्हते. याला अपवाद म्हणून उत्तराखंड सांगता येईल. मार्च २०१६ मध्ये तिथे विनियोजन विधेयक मंजूर झाले की पडले, यावरच वाद पेटला, २७ मार्चला राष्ट्रपती राजवट आली आणि १ एप्रिलचा खर्च भागवण्यासाठी राष्ट्रपतींना अध्यादेश काढावा लागला. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे दरवाजे गाठून मे महिन्यात हरीश रावत पुन्हा मुख्यमंत्री झाले. या सगळ्या गोंधळातही कचेऱ्यांना कुलूप लागले नाही.

५. गोव्यात हे पाच वेळा झाले

निवडून आलेले सरकार बाजूला होऊन राष्ट्रपतींच्या नावाने कारभार चालला, असे गोव्यात पाच वेळा घडले. यातला पहिला प्रसंग मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण तिथे सरकार मुद्दाम थांबवले गेले.

मुक्तीनंतरचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर. जन्म पेडण्याचा, १९११ चा. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाची भूमिका. यावर जनमत घ्यायचे ठरले तेव्हा विरोधकांनी रास्त आक्षेप घेतला: एका बाजूचा पक्षच सरकारात बसलेला असताना कौल निःपक्ष कसा होणार? बांदोडकर सरकार पायउतार झाले. डिसेंबर १९६६ च्या सुरुवातीपासून कारभार राष्ट्रपतींच्या नावाने सुरू झाला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले, विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने अशा निशाण्या होत्या. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या, तालुक्यांचा कल फुलाकडे होता. पण एकूण गोव्याने ३४,०२१ मतांच्या फरकाने दोन पानांना कौल दिला.

आता राजकीय धोक्याचा हिशेब करा. बांदोडकरांनी सत्ता सोडली आणि ज्या प्रश्नासाठी सोडली तोही हरले. कुणीही म्हणाले असते, संपला हा माणूस. मार्चअखेर निवडणूक झाली. तीस जागांत मगोला सोळा मिळाल्या आणि ५ एप्रिलला भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मधल्या काळात ३१ मार्च येऊन गेला होता. पगार झाले, शाळा भरल्या. सरकार थांबवण्याची किंमत मोजायला नेता स्वतः तयार असेल तर मतदार त्याला माफ करतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

दुसरा प्रसंग त्यांच्या कन्येच्या वाट्याला आला आणि तो कडू निघाला. शशिकलाताई काकोडकर, जन्म पेडण्याचाच. १९७३ मध्ये वडिलांच्या निधनानंतर मुख्यमंत्री झाल्या, १९७७ ची निवडणूक जिंकल्या. १९७९ च्या एप्रिलात पक्षातल्याच काही आमदारांनी साथ सोडली. २७ एप्रिल १९७९ ला राष्ट्रपती राजवट लागली ती १६ जानेवारी १९८० पर्यंत टिकली. जानेवारीतल्या निवडणुकीत मगो सात जागांवर आला, काँग्रेस (अर्स) वीस जागा घेऊन बसली आणि प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले. मगो त्यानंतर इतरांच्या सरकारांत सहभागी झाला, पण स्वबळावर पुन्हा कधी सत्तेत आला नाही. बापाने स्वतः दार उघडून बाहेर पाऊल टाकले होते. मुलीला घरातल्यांनी ढकलले. मतदाराला हा फरक कळतो.

उरलेले तीन भराभर सांगतो. १४ डिसेंबर १९९० ते २५ जानेवारी १९९१. पक्षांतरांच्या त्या धामधुमीत कोण कुठल्या गटात आहे हे सांगायला रोजचे वर्तमानपत्र लागायचे. फेब्रुवारी ते जून १९९९. आणि ४ मार्च ते ७ जून २००५. या शेवटच्या वेळी आमदारांच्या राजीनाम्यांनी मनोहर पर्रीकर यांचे सरकार डळमळले, राज्यपाल एस. सी. जमीर यांनी ते बरखास्त केले, राणे यांचा शपथविधी झाला आणि महिनाभरात राष्ट्रपती राजवट आली. पोटनिवडणुकांनंतर राणे परतले.

१९९९ आणि २००५, दोन्ही वेळा ३१ मार्च राष्ट्रपती राजवटीत उलटला. अशा वेळी विधानसभेचे अधिकार संसदेकडे जातात. पणजीतल्या नळाचा, पेडण्यातल्या शिक्षकाचा, डिचोलीतल्या दवाखान्याचा खर्च मंजूर करायचा अधिकार दिल्लीकडे जातो. कारभार चालतो, हे खरे. पण तुमच्या गावच्या पुलाबद्दल प्रश्न विचारणारा आमदार त्या सभागृहात नसतो. अमेरिकन माणूस सेवा गमावतो, आपण आवाज गमावतो. नुकसान दोघांचेही होते, आपले दिसत नाही इतकेच.

६. कारकूनच थांबला तर

सरकार कचेरी बंद करत नाही, पण कचेरी सरकारला बंद करू शकते. महाराष्ट्रात १९७७ च्या अखेरीस राज्य कर्मचाऱ्यांनी केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी संप पुकारला आणि तो ५४ दिवस चालवला. अमेरिकेतल्या २०२५ च्या बंदीपेक्षा हे अकरा दिवस जास्त! मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. पाठोपाठ फेब्रुवारी १९७८ मध्ये निवडणूक झाली आणि कुठल्याच पक्षाला बहुमत मिळाले नाही. आणीबाणीनंतरचा तो काळ, काँग्रेस दुभंगलेली. तेव्हा निकालाचे खापर एकट्या संपावर फोडणे बरोबर नाही. तरी मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप झाला तेव्हा सरकारने तो सात दिवसांत चर्चेने मिटवला. जुनी आठवण कुठेतरी कामाला आली असणार.

७. डिचोलीतली टाळेबंदी

आता त्या जागी येऊ जिथे घटनेतली ही कुठलीच सोय उपयोगी पडली नाही.

डिचोली तालुक्यात शिरगाव, मये, लामगाव, पाळी, वेळगे या पट्ट्यात लोहखनिज. खाणीतून खनिज ट्रकने धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जने मांडवीतून मुरगावला, तिथून जहाजाने परदेशी. या साखळीत खाण कंपनीच्या हजेरीपटावर नाव असलेले थोडे आणि बाहेरचे फार. कर्ज काढून ट्रक घेतलेला गावकरी, त्याचा चालक, क्लीनर, टायरवाला, गॅरेजवाला, रस्त्याकडेचा चहा-भजीचा गाडा, बार्जवरचे खलाशी, भाड्याने खोली देणारी म्हातारी.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल आला आणि १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ ला ती उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. जुने खाणपट्टे २००७ मध्येच संपले होते, असे न्यायालयाने सांगितले होते. तरी सरकारने लिलाव न करता ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ते रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. मुख्यमंत्री पर्रीकर तेव्हा उपचारांसाठी अमेरिकेत होते आणि राज्याचे निर्णय तीन मंत्र्यांच्या समितीकडे होते.

एका ट्रकमालकाचा महिना मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरा. खाण चालू असताना खेपांचे ९० हजार यायचे. ३० हजार हप्ता, ३५ हजार डिझेल-देखभाल, १२ हजार चालक, हातात १३ हजार. १६ मार्चला आवक शून्य झाली. डिझेल वाचले, चालकाला नाइलाजाने जा म्हटले. ३० हजारांचा हप्ता मात्र तसाच. सहा महिन्यांत १ लाख ८० हजार थकले, वर व्याज. ट्रक विकावा तर तालुक्यातले सगळेच विकायला निघालेले, घेणार कोण? सरकारने अर्थसाहाय्य दिले, कर्जात सवलतीच्या योजना आणल्या. त्या मदतीने दम धरता आला, पण बुडालेल्या दिवसांची भरपाई झाली नाही.

खाणी थांबल्या त्याला कारण होते, हेही लिहिलेच पाहिजे. शेतात गाळ शिरल्याच्या, विहिरींचे पाणी खाली गेल्याच्या तक्रारी शिरगाव-मयेचे लोक वर्षानुवर्षे करत होते आणि पट्ट्यांचे नूतनीकरण कायद्याला धरून नव्हते. न्यायालयाने कायदा पाहिला, त्याला दोष देता येत नाही. दोष द्यायचाच तर २००७ पासून लिलावाचा निर्णय पुढे ढकलणाऱ्या प्रत्येक सरकारला द्यावा लागेल, मग पक्ष कुठलाही असो. अमेरिकी काँग्रेस ३० सप्टेंबरची तारीख चुकवते तशीच गोव्याने ही तारीख चुकवली. तिथे कुलूप एका रात्रीत लागले, इथे लागायला काही वर्षे गेली.

शेवटी लिलाव झाले. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार ब्लॉकांत डिचोलीचा ब्लॉक वेदान्त कंपनीने घेतला, पर्यावरण मंजुरीत आणखी वेळ गेला, आणि डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली २०२४ मध्ये. साधारण सहा वर्षे.

८. मत कुणाला भोवते

सरकार बंद पाडणाऱ्याला मतदार शिक्षा करतो, असे अमेरिकेत म्हणतात. पुरावा मात्र दोन्हीकडचा आहे. १९९५-९६ मध्ये प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती न्यूट गिंग्रिच यांनी ताणले आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन पुन्हा निवडून आले. २०१३ मध्ये रिपब्लिकनांनी सोळा दिवस बंद पाडले, लोक चिडले, आणि पुढच्याच वर्षी त्याच पक्षाला सिनेटही मिळाले. निवडणूक वर्षभर लांब असेल तर राग विरतो.

गोव्यातही खाणबंदीचे खापर सरळ एकाच्या माथी फुटले नाही. २०१२ च्या मार्चमध्ये खाण घोटाळ्याच्या आरोपांनी घेरलेले दिगंबर कामत सरकार गेले आणि भाजप एकवीस जागा घेऊन आला. पण ते बंदीच्या आधी. २०१८ च्या बंदीनंतर २०२२ मध्ये साखळीत खुद्द मुख्यमंत्री सावंत जिंकले ते ६६६ मतांनी, डिचोलीत अपक्ष डॉ. चंद्रकांत शेट्ये निवडून आले, आणि मयेत भाजपच. तालुक्यातले तीन मतदारसंघ, तीन वेगळे सूर. ६६६ चा आकडा निव्वळ खाणींमुळे आला असे सिद्ध करता येणार नाही. तरी मुख्यमंत्र्याला आपल्याच मतदारसंघात एवढ्या थोडक्यात सुटावे लागावे, ही साधी गोष्ट नव्हे. पेडणे तालुक्यात तर २०१७ मध्ये मांद्रे मतदारसंघाने मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांना घरीच बसवले होते. या दोन तालुक्यांत मुख्यमंत्रिपद हे कवच ठरत नाही.

९. मार्चमध्ये काय पाहायचे

आपली रचना मंत्र्याला टांगणीला लावते आणि कारकुनाला वाचवते, हे मला अमेरिकेपेक्षा बरे वाटते. पण तिची एक फट गोव्यानेच दाखवली आहे. पक्षांतरबंदी कायदा टाळायचा तर राजीनामा देऊन बाहेर पडायचे आणि दुसऱ्या पक्षातून परत यायचे. २०१८ मध्ये मांद्रेचे आमदार दयानंद सोपटे यांनी हेच केले आणि पुढच्या पोटनिवडणुकीत ते निवडूनही आले. मधल्या काळात, २० मार्च २०१९ ला, पर्रीकरांच्या निधनानंतर सावंत सरकारने विश्वासदर्शक ठराव २० विरुद्ध १५ ने जिंकला तेव्हा चाळीसच्या सभागृहात छत्तीसच आमदार होते. रिकाम्या चार जागांत एक मांद्रेची. आर्थिक वर्ष संपायला अकरा दिवस उरले होते आणि राज्याच्या पेटीवर मत द्यायला मांद्रेच्या लोकांचे कुणी नव्हते.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या भाषणातल्या घोषणा वाचून थांबू नका. लेखानुदान किती महिन्यांचे घेतले, मागण्यांवर किती दिवस चर्चा झाली, आणि तुमच्या मतदारसंघाचा आमदार त्या मतदानाला सभागृहात होता का, एवढ्या तीन गोष्टी वर्तमानपत्रातून शोधून काढा. मिळाल्या नाहीत तर आमदारालाच विचारा.